बाबा अजून दारातच

प्रिय आर्लीस आत्या,

सिग्नेचा दोन्ही हातमोजे काढून मनापासून नमस्कार. (एप्रिल संपत आलाय आणि हातमोजे अजून काढायचेच आहेत, यातच इकडची सगळी हालहवाल आली. पेन धरण्यापुरते काढलेत, पत्र संपलं की परत घालणार.) तुझा नवा खुबा कसा आहे? त्याच्यावर भार देतेस की अजून वॉकर धरूनच अॅरिझोनाच्या अंगणात दगडांना पाणी घालत फिरतेस? (हो, आई अजून सगळ्यांना हेच सांगते, की आर्लीसनं गवत उपटून दगड लावले आणि आता त्यांचीच निगा राखत बसलीये.) तिकडे पंखे सुरू झाले असतील. इकडे सगळं ठीक. म्हणजे "वाईट नाही". म्हणजे काय ते तुला कळतंच.

पत्र का लिहितेय म्हणशील तर खास असं काही नाही. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर काय होतं तुला माहितीये. आई तिकडचं हवामान विचारते, इकडचं सांगते, "बरं, तुला बिल येईल" म्हणते (फोन फुकट झाले त्याला जमाना लोटला) आणि ठेवून देते. आत मेलेलं माणूस असो की जन्मलेलं, ते दोन हवामानांच्या मध्येच कुठेतरी राहून जातं.

तर, बाबांना अजून पुरलेलं नाही. तारीख ठरते आणि बर्फ पडतो, परत ठरते आणि परत पडतो. जानेवारीत जाणाऱ्याला आपल्या मिनेसोटात वसंतापर्यंत थांबावंच लागतं, जमिनीत पहारसुद्धा शिरत नाही, हे कुणाला नवीन नाही. आजोबाही थांबले होते. पण आजोबा हिशेबी माणूस, मार्चच्या शेवटी गेले, थोडक्यात आटोपलं त्यांचं. बाबा मात्र दफनभूमीच्या फाटकाजवळच्या त्या दगडी खोलीत हिवाळाभर आहेत. सोबत हिवाळ्यातच गेलेली पोस्टातली म्हातारी इर्मा आहे आणि तो कोंबड्यांवाला आहे. मर्नाकाकू म्हणाल्या, "व्हर्लिनला काय, गप्पांना कोणीही चालतं. इर्माचीच दया येते मला." जानेवारीतली चर्चमधली प्रार्थना तू फोनवर बघितलीस म्हणे. मर्नाकाकूंनीच तो फोन लावून ठेवला होता, आणि नंतर कळलं की तुला सगळा वेळ कॉफीचं ते मोठं पिंपच दिसत होतं. वाईट वाटून घेऊ नकोस. मी पहिल्या बाकावर होते, मलाही फारसं काही वेगळं दिसलं नाही.

आता माझ्यावरच्या आरोपाबद्दल. मार्चअखेर ते फसवे दिवस आले ना, तेव्हाची गोष्ट. ऊन असं पडलं की शेजारचा ग्रँट चड्डीवर अंगणात उभा राहून सॉसेज भाजायला लागला. पाय इतके पांढरे, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. छपरं गळायला लागली. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून बसके झाले आणि त्यातून हरवलेल्या वस्तू निघायला लागल्या. (आमच्या ढिगातून बाबांची लोकरी टोपी निघाली. आईनं ती धुतली नाही. नुसती वाळवली आणि दारामागच्या खुंटीला लावली, माणूस आत्ताच आत आल्यासारखी.) मला वाटलं, बर्फ उडवायच्या त्या यंत्राला रोज वळसा घालून आईला गाडीत बसावं लागतं, बाबांचं यंत्र, रोज नजरेसमोर, तर आवरून टाकावं. म्हणून पुसलं, पेट्रोल काढलं, शेडमध्ये पार मागे, गवत कापायच्या यंत्राच्याही मागे ढकललं. फावडी खिळ्याला टांगली. वर हात झटकले.

तुझ्या भावाचा एकच धर्म होता आत्या, आणि तो चर्चमध्ये शिकवत नाहीत. तळ्यावरचा बर्फ फुटून वाहून गेल्याशिवाय यंत्र आत जाणार नाही. यंत्र आत गेलं की आभाळाला कळतं. हे सबंध गाव मानतं, ज्यांचा देवावर विश्वास नाही तेही मानतात. मी शहरात चार वर्षं कॉलेजात काढली, तिथे हे सोडून सगळं शिकवलं. ग्रँटनं चिमटा हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"सिग्ने, ते... आत ठेवलंस?"

"हो."

"मागे?"

"हो."

"पेट्रोलपण काढलंस?"

त्यानं विस्तव विझवला. सॉसेज अर्धे कच्चे होते, तसेच उचलून आत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पुढचं दार उघडेना.

बाबांची पहिली तारीख त्याच शनिवारची होती. तेव्हापासून मी गावात तोंड दाखवू शकत नाही. वाण्याकडे गेले तर "काय गं, आता काय, हीटर विकायला काढलास का?" पेट्रोल पंपावरची बाई म्हणते, शाळेला सुट्टी मिळाली म्हणून पोरांनी तुझे आभार मानलेत. आणि एक आई सोडून सगळे मला बोलले. ती खिडकीशी उभी राहून पडणाऱ्या बर्फाकडे बघत म्हणाली, "बघ. एवढ्यात काही जमायचं नाही." आणि गुणगुणत कॉफी करायला गेली. (मला तेव्हा वाटलं, धीराची आहे बाई.)

मग हॅम. चर्चच्या तळघरातल्या बायकांनी पुरल्यानंतरच्या जेवणासाठी हॅम भाजून ठेवलं होतं. तारीख गेली, ते गोठवलं. दुसऱ्या तारखेसाठी बाहेर काढलं, तीही गेली. आता दुसऱ्यांदा गोठवता येत नाही म्हणून घरोघर वाटलं. म्हणजे सबंध गाव बाबांच्या नावानं जेवून बसलंय, आणि बाबा आहेत तिथेच. तिसऱ्या वेळी मर्नाकाकूंनी आईला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "लव्हॉन, आता अंड्याचं सँडविच केलं तर चालेल ना गं? व्हर्लिनला राग नाही ना यायचा?" आई म्हणाली, "तो कुठं खाणारे?" मग आईच आधी हसली, मग सगळ्या हसल्या, आणि मग एकदम सगळ्यांना भांडी घासायची आठवण झाली. सिंकपाशी पाठमोऱ्या बायकांची ही रांग. घासलेलीच भांडी परत घासत होत्या. आणि ताटात ती शेवटची खजुराची वडी. तुला माहितीये शेवटची वडी कोणी घेत नाही, अर्धी कापून घेतात, पुढचा उरलेल्यातली अर्धी. शेवटी नखाएवढा तुकडा राहिला. तो मर्नाकाकूंनी चांदीच्या कागदात गुंडाळून आईला दिला. फ्रीजमध्ये आहे अजून.

दुसऱ्या तारखेची गंमत सांगायची राहिलीच. त्या दिवशी आम्ही फाटकापर्यंत तरी पोहोचलो. सकाळी नुसतं भुरभुरत होतं, "हे काय, हे तर काहीच नाही" असं एकमेकांना सांगत सगळे निघाले, आणि चर्चपासून दफनभूमीपर्यंत जाईतो वारा सुटला. नव्या पास्टरबाई टेक्ससच्या. त्यांना वाटलं एप्रिल म्हणजे एप्रिल, त्या साध्या बुटात आल्या. गाडीतून एक पाय खाली ठेवला, पाय वर आला, बूट आला नाही. अजून सापडलेला नाही. डेल्मरकाकांचं कबर खणायचं यंत्र फाटकातच आडवं रुतलं. त्याला ओढायला ग्रँटनं पिकअप लावली, ती रुतली. पिकअपला ओढायला आणखी कोणाचा तरी ट्रॅक्टर आला, तो रुतला नाही पण त्याची साखळी तुटली. आत्या, आपल्याकडच्या पुरुषांना रुतलेल्या गाडीइतका आनंद कशानंच होत नाही. काळे कोट घालून, मान खाली घालून आलेली माणसं बघताबघता खुलली. कोणी चाकाखाली वाळू टाकतंय, कोणी म्हणतंय मागे घे, कोणी म्हणतंय मागे नको, आधी डावीकडे. डेल्मरकाका घामाघूम होऊन हसत ओरडले, "अरे, व्हर्लिन असता तर एव्हाना साखळी लावून मोकळा झाला असता!"

आणि सगळ्यांनी एकदम त्या दगडी खोलीच्या दाराकडे बघितलं. पलीकडेच तर होती. वर्षातली सगळ्यात मोठी रुतलेली गाडी, तीही एक नाही, आणि तो माणूस भिंतीआड पडलेला. मला खरंच वाटलं, आता दार ढकलून येतील आणि म्हणतील, अरे मागे नाही, पुढे घ्या. मग ग्रँट म्हणाला, "वारा जरा पडला, नाही?" वारा अजिबात पडला नव्हता. "हो, पडला जरासा," असं सगळे म्हणाले.

बरं, आता पुरे करते. कॉफी गार झाली.

एक मात्र राहिलं. आई रविवारी चर्चनंतर घरी येत नाही. थर्मास घेऊन जाते आणि त्या खोलीसमोर गाडी लावून, हीटर चालू ठेवून बसते. रेडिओवर हवामान लावते. हल्ली रविवारच नाही, मधल्या वारीही जाते. खोकला झालाय, तरी जाते. जेवण अर्धं ताटात टाकते, रात्री खुर्चीतच बसून असते. मी एकदा सोबत गेले. तिनं दोन कप ओतले. मी एक उचलला. तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. तेव्हा मला कळलं की तो माझा नव्हता. आता अर्धा प्यायलेला कप परत ठेवायचा तरी कसा? सगळा प्यायले. इतकी कडू कॉफी मी आयुष्यात प्यायले नाही, आणि तिच्यात साखर होती. बाबांना लागते तेवढी.

खरं म्हणजे उठून निघणं हे आपल्या घराला कधी जमलंच नाही. आठवतंय ना? कुणाकडे गेलं की बाबा गुडघ्यांवर थाप मारून म्हणायचे, "बरं, निघावं म्हणतो." मग आणखी एक कॉफी. मग उभं राहून स्वयंपाकघरात अर्धा तास. मग दारात, कोट घालून, घामाच्या धारा लागल्यात तरी मासे कुठे लागतात याच्यावर चर्चा. मग ओट्यावर. मग गाडीची काच खाली करून. आई त्यांच्या शेजारी उभी, तिलाही घाई नसायची, तिला तर तेच आवडायचं, घरात न बोललेलं सगळं ती दारात बोलायची. मी मागच्या सीटवर गोठून निळी पडलेली. आणि तू आधीच गाडीत जाऊन बसलेली असायचीस, पर्स मांडीवर, तोंड फुगलेलं, आणि मग ड्रायव्हरच्या सीटवरून वाकून हॉर्नवर असा काही हात ठेवायचीस की गल्लीतली कुत्री उठायची. बाबा म्हणायचे, "चल लव्हॉन, आर्लीस चिडली." आणि तेव्हा कुठे दोघं निघायची. तू नसतीस तर आपण सगळे अजून कुणाच्या तरी ओट्यावरच असतो.

आणि असा माणूस आयुष्यात एकदाच झटकन निघाला. त्या दिवशी ग्रँटच्या दारातला बर्फ काढून दिला, कुंपणाशी उभं राहून "बरं, निघतो" म्हणत ग्रँटशी तासभर बोलले, आणि घरी येऊन गॅरेजमध्ये बादली उपडी घालून बूट काढायला बसले. एक बूट काढला होता. आई आत सूप गरम करत होती. ग्रँटला तासभर मिळाला. तिला "बरं" एवढंसुद्धा नाही. ती दारात आली तेव्हा काय म्हणाली ते मी तुला कधी सांगितलं नाही. "सूप झालंय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "असू दे, परत गरम करते."

तर असं आहे इकडचं. बाहेर आत्ताही भुरभुरतंय. आईनं मघाशी डोकावून विचारलं कुणाला लिहितेस, म्हटलं आत्याला. म्हणाली, तिला सांग एवढ्यात यायचं नाव काढू नको म्हणावं, रस्ते वाईट आहेत, अजून बर्फ सांगितलाय, आणि खुबा सांभाळ. तर सांगितलं. कोंबडीच्या सूपची कृती मागितली होतीस ती आई पुढच्या वेळी देईल. तुझ्या दगडांना आमचा नमस्कार.

तुझी,
सिग्ने

ता.क. यंत्र मी परत दारात आणून ठेवायला गेले, तर ते आधीच तिथे होतं. पेट्रोल भरलेलं. आईनं एकटीनं शेडमधून ओढून आणलं, खोकत. म्हणाली, "तुझ्या बाबाला आवडलं नसतं." गाव म्हणतं आता तरी थांबेल बर्फ. ती मात्र यंत्राला रोज हात लावून बघते, आणि मग आभाळाकडे बघते. तिला बर्फ थांबायला नकोय, आत्या.

ता.ता.क. पत्र चार दिवस टाकायचं राहिलं, आणि काल मी डेल्मरकाकांकडे गेले. म्हटलं, जमीन कधी मोकळी होणार ते एकदाचं सांगा. त्यांनी टोपी काढली, टोपीत बघितलं, परत घातली. वरचा बर्फ फसवा आहे म्हणाले, खाली जमीन केव्हाच लोण्यासारखी झालीये. इर्माला गेल्याच आठवड्यात पुरलं. कोंबड्यांवाल्यालाही. मग आमचं का राहिलं, म्हटलं. तर म्हणाले, "पोरी, गाड्या रुतल्या त्या दिवसापासून प्रत्येक वेळी तारखेच्या आदल्या दिवशी लव्हॉनचा फोन येतो. रेडिओवर बर्फ सांगितलाय म्हणते, घाई नको करूस डेल्मर. मला दिसतं ना आभाळ मोकळं आहे ते. पण तिला नाही कोण म्हणणार? मीही म्हणतो, हो, ढग आलेत जरा." म्हणजे बाबा आता तिथे एकटेच आहेत. सोबतीलासुद्धा कोणी नाही.

ता.ता.ता.क. मी तिला ओढून नेऊ शकत नाही. प्रयत्न केला. तोंड उघडते आणि तोंडातून हवामान निघतं. पास्टरबाई बोलल्या, त्यांना तिनं नवीन बूट घेऊन दिले. तिला दारात उभं राहायचं आहे, ते तिचं राहिलंय, आणि मला ते मोडवत नाही. पण सूप रोज गरम होतंय आणि रोज ओतून टाकलं जातंय, आणि तिचा खोकला छातीत उतरलाय. तेव्हा वर रस्ते वाईट आहेत म्हणून लिहिलंय ते खोडलं असं समज. रस्ते स्वच्छ आहेत. डॉक्टरांनी तुला प्रवासाला हो म्हटलंय हे मला माहितीये (मर्नाकाकूंकडे तुझा नंबर आहे तसा माझाही आहे). भाषण करायला येऊ नकोस, समजूत घालायला तर नकोच, तुला ते कधी जमलं नाही. बाबांची पिकअप मी त्या खोलीसमोर आणून ठेवीन. तुझी बाजू तीच, पर्स मांडीवर घेऊन बस. आईला उभं राहू दे पाहिजे तेवढा वेळ. आणि मग ड्रायव्हरच्या सीटवरून वाक आणि हॉर्नवर हात ठेव. जोरात, आत्या, कुत्री उठतील इतका. "चल, आर्लीस चिडली," हे या वेळी तिलाच बाबांना म्हणावं लागेल.